पाच अंशांची पाचर

आलापल्ली,
११ मार्च १९५४

प्रिय गोकुळा,

मी इकडे ठीक आहे असं लिहायची रीत आहे. ठीक नाही. खोली मिळाली आहे, कुडाची, वर गवताचं छप्पर. तुझ्या चुलीसाठी कोपरा मोकळा ठेवला आहे आणि तिथे जंगू काही ना काही आणून टाकतो म्हणून रोज त्याच्यावर ओरडतो. जंगू म्हणजे माझ्याबरोबर काम करणारा इथलाच गडी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. काल मला म्हणाला, "भाऊ, चूल नाई, चूलवाली बाई बी नाई. मंग जागा काऊन राखून राह्यले?" मी त्याला पाना आणायला पिटाळलं.

वरोऱ्याहून निघताना तुला म्हणालो होतो, स्वतःची जागा झाली की न्यायला येईन. जागा झाली. आता गाडी व्हायची आहे. वैनगंगेच्या घाटापासून इथपर्यंत तेरा-चौदा कोस नुसतं जंगल. ठेकेदाराने लढाईतल्या दोन जुन्या जीप लिलावात घेतल्या आहेत आणि म्हणाला आहे, "मृगाआधी दोहोंची मिळून एक चालू करून दे, पहिली फेरी तुझी. बायको घेऊन ये." मृग लागला की नदी चढते. मग दिवाळीपर्यंत घाटाचं नाव काढायचं नाही.

पण गाडी माझ्यावर रुसली आहे. एकीचा मागचा एक्सल मोडला होता. दुसरी जरा वेगळ्या बांधणीची, तिचा एक्सल काढून हिला बसवला. गिअरबॉक्सच्या पाठीमागे चारही चाकांना जोर देणारी पेटी असते, आपण जिला स्पेशल गिअर म्हणतो, तीही दुसरीचीच घातली. या दोहोंच्या मधे फिरणारा शाफ्ट जोडला आणि गाडी अशी थरथरते की जंगूच्या तोंडातली तंबाखू बाहेर. शाफ्टच्या टोकांचे क्रॉस दोनदा फुटले.

तुझ्या बाबांना यातलं एक अक्षर सांगू नकोस. मामाजींनी आपल्या दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर मला "तुह्या हाताले माप नाई" म्हटलेलं मी विसरलो नाही. विचारायचंच झालं तर असं विचार की त्यांना कळणार नाही.

तुझी आठवण येते. हे मी शेवटी लिहिलं, पण सुरुवातीपासून तेच लिहायचं होतं.

तुझा,
दसरू


वरोरा,
२१ मार्च १९५४

माझ्या रुसक्या मेकॅनिकास नमस्कार.

चुलीचा कोपरा वाचून मला हसू आलं आणि मग रडू आलं. आई म्हणाली, कांदा कापताना पत्र वाचू नकोस. कांदा नव्हता.

बाबांना विचारलं. म्हटलं, मोहर्लीचा एक माणूस पंपावर भेटला, त्याची जीप अशी अशी थरथरते. खोटं बोलताना मी नेहमी पदर चावते, तो हातात धरून ठेवला होता. बाबा कानशीने काही घासत होते, वर न बघता म्हणाले, "मोहर्लीच्या मानसाले सांगजो, शाफ्टच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरनारे कान एका रेषेत हायेत का ते आधी पाहाय म्हणा. मधी दात्यांचा सरकता जोड असते. तो उपसला आनं दोन दाते इकडं तिकडं घातला, का संपलं. एक कान उभा, एक आडवा. मंग गाडी नाचनार नाई त काय भजन करन?"

तुम्ही जोड उपसला होता का? खूण न करता? मला खरं सांगा, मी कुणाला सांगणार नाही.

इथे सगळं तसंच आहे. तुमच्या नावाचा पाना अजून भिंतीच्या खिळ्यालाच आहे, बाबा कुणाला हात लावू देत नाहीत. स्वतःही वापरत नाहीत.

तुमचीच,
गोकुळा


आलापल्ली,
३ एप्रिल १९५४

प्रिय गोकुळा,

उपसला होता. खूण न करता. झालं समाधान?

शाफ्ट खाली काढला, सुतळी ताणून पाहिली, दोन दाते चुकले होते. बरोबर बसवला तशी अर्धी थरथर गेली. जंगू म्हणाला, "भाऊ, हे तुमाले सुचलं?" मी म्हटलं, हो. माझं चुकलं, पण त्याला काय सांगू, मोहर्लीचा माणूस?

अर्धी मात्र उरली आहे. पंधरा-वीस मैलांच्या वर गेलं की पोटातून घुमल्यासारखा आवाज येतो. आणि हे मला मुळीच समजत नाही, कारण नवा एक्सल बसवला तेव्हा त्याच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं नाक आपोआप वर उचललं गेलं आणि थेट स्पेशल गिअरकडे पाहायला लागलं. मला वाटलं देवच पावला, शाफ्ट गोळ्यातून सुतासारखा सरळ निघतो आहे. इतकं सरळ असून घुमतं कशाला?

सध्या मोह पडतोय. पहाटे बाया टोपल्या घेऊन जातात, सगळ्या रानाला गोड वास येतो. तो वास तुला पाकिटात घालून पाठवता येत नाही म्हणून फार चिडचिड होते. तुझं पत्र मी कामाच्या आधी एकदा आणि जेवताना एकदा वाचतो. तुझ्या 'ळ'ची शेपटी खालच्या ओळीत घुसते, तिथे बोट ठेवून बसतो. हसू नकोस.

मे अखेर गाडी झाली पाहिजे. नाहीतर चार महिने मी काय करणार आहे मला माहीत नाही.

दसरू


वरोरा,
१४ एप्रिल १९५४

हसले. मग मीही तुमच्या सहीवर बोट ठेवून बसले. फिट्टंफाट.

आता नीट वाचा. मोहर्लीच्या माणसाचा आवाज अर्धा राहिला म्हटल्यावर बाबांनी हातातलं काम टाकलं आणि फरशीवर खडूने चित्र काढायला बसले. एवढ्या आनंदात मी त्यांना तुम्ही गेलात तेव्हापासून, म्हणजे जानेवारीपासून, पाहिलं नव्हतं. म्हणाले, "त्या गोळ्यानं नाक वर केलं हाय ना? तेच त चुकलं. पुढचा क्रॉस वाकून फिरते आनं मागचा ताठ. एका जागी वाकलं, का दुसऱ्या जागी बी तितलंच वाकाले पाह्यजे, तवा हिसका फिटते. एकट्यानंच वाकाचं असन त तो थरथरनच."

म्हणजे पेटीचं तोंड जितकं खाली झुकलेलं, गोळ्याचं नाक नेमकं तितकंच वर हवं, एक अंश जास्त नाही. दोन्ही तोंडांना ओळंबा लावून कोन मोजून पाठवा, स्प्रिंगचे पाटे जिथे एक्सलवर बसतात तिथली रुंदीही पाठवा. म्हणजे मोहर्लीच्या माणसाला पाठवायला सांगा.

तुमच्याकडे कोनमापक कुठला असणार? माझा सातवीचा पत्र्याचा कोनमापक पाकिटात घातला आहे. त्यावर सुईने माझं नाव कोरलेलं आहे. हरवलात तर याद राखा.

बाबांनी मधेच विचारलं, "मोहर्लीच्या मानसाची तब्येत बरी हाय ना? जेवते ना नीट?" मी म्हटलं मला काय ठाऊक. त्यांना काही कळलेलं नाही, काळजी करू नका.

गोकुळा


आलापल्ली,
२७ एप्रिल १९५४

प्रिय गोकुळा,

कोनमापक पोचला. काम झाल्यावर तेल पुसून उशाखाली ठेवतो. जंगूला वाटतं ते काही देवाचं यंत्र आहे. मी त्याला तसंच वाटू दिलं.

मापं घे. तीन वेळा घेतली आहेत, गाडी सपाट जागेवर उभी करून, चाकांत हवा सारखी भरून. स्पेशल गिअरचं तोंड चार अंश खाली. गोळ्याचं नाक नऊ अंश वर. फरक पाच अंशांचा. पाटे पावणेदोन इंच रुंद, बैठक साडेचार इंच लांब. मोहर्लीच्या माणसाच्या हाताला माप आहे, एवढं तिकडे कुणाच्या तरी कानावर जाईल असं बोल.

पाच अंश, गोकुळा. कोनमापकावर बघितलं तर दोन रेघांच्या मधे नखही मावत नाही. एवढ्याशामुळे मी इथे आणि तू तिथे.

परवा बांबूंची लॉरी आली, बाबुलाल ड्रायव्हर, पंधरवड्याला एकदा वरोऱ्यापर्यंत जातो. त्याने तुला बाजारात पाहिलं म्हणाला, हिरवं लुगडं होतं. मी त्याला अर्धा तास बसवून तेच तेच विचारलं. शेवटी कंटाळून म्हणाला, "अरे बाबा, मी भाजी घ्याले गेलो होतो, तुही बायको पाहाले नाई."

दसरू


(पोस्टकार्ड)
वरोरा,
८ मे १९५४

टपाल निघतंय, घाईत लिहिते. बाबांना सगळं माहीत आहे. मोहर्लीचा माणूस कोण ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. परवा त्यांनी पाचर मारली. मी समोरच होते, काही बोलले नाही, काय बोलणार? बाकी आता बाबुलालच्या हाती. तो येईपर्यंत तुम्ही घाई करू नका.
गोकुळा


आलापल्ली,
१७ मे १९५४

सौ. गोकुळा,

कार्ड मिळालं. म्हणजे शेवटी मामाजींनी पाचर मारलीच. मारणारच होते. ज्यांनी मला लोकांसमोर हिणवलं ते मुलगी माझ्या स्वाधीन सुखाने कशी करतील? याचं मला नवल नाही. नवल तुझं वाटतं. समोर उभी होतीस आणि तोंडातून शब्द निघाला नाही? दोन महिने मला कान जुळवायला, कोन मोजायला लावलंस आणि आतून तुमचं ठरलेलं होतं?

घाई करू नका, म्हणतेस. करत नाही. गाडी झाडाखाली उभी आहे, तिच्यावर पानं पडताहेत. बाबुलालच्या हातून कसला निरोप यायचा असेल तो येऊ दे. नाही आला तरी चालेल. या दिवसांत लॉरी आली नाही, आणि मी रस्त्याकडे बघायचं सोडलं आहे.

चुलीच्या कोपऱ्यात जंगूने जुने टायर रचले. या वेळी मी ते राहू दिले.

तुझा कोनमापक परत पाठवणार होतो. पाकिटात घातला आणि पुन्हा काढला. तेवढं जमलं नाही.

दसरू


वरोरा,
२६ मे १९५४

अहो शहाणे,

पाचर म्हणजे पाचर! लोखंडाची! पाटे आणि एक्सल यांच्या मधे घालायची, एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ, पाच अंशांची! बाबांनी दोन दिवस खपून जोडी घडवली, सहा तारखेला दुकानातल्या जीपच्या पाट्याखाली मारून पाहिली आणि मला दाखवायला हाक मारली. मी समोर उभी होते आणि काही बोलले नाही, कारण बोलायला गेले असते तर रडू फुटलं असतं. बाबांनी वर न बघता म्हटलं, "तुह्या मोहर्लीच्या मानसानं मापं चोख धाडली वं." हे तुम्हाला लिहायचं होतं आणि कार्डावर जागा नव्हती. मी मेकॅनिकची पोर, आमच्याकडे पाचर मारली म्हणजे मारली. तिचा दुसरा अर्थ होतो हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तुमच्या मात्र तोच आला.

बाबुलाल नऊ तारखेलाच पाचरींची पोतडी घेऊन निघाला आहे. अजून पोचला नाही? कुठे गेला तो?

तुमचं पत्र बाबांनी वाचलं. मी लपवलं होतं, पण माझं तोंड बघून त्यांनी मागितलं. वाचून घडी केली, परत दिलं आणि चहा तसाच ठेवून बाहेर गेले. मला तुमचा इतका राग आला आहे की तुम्ही समोर असता तर सांगितलं असतं. समोर असता तर राग आलाच नसता, ते वेगळं.

टायर हलवा.

गोकुळा


वैनगंगेचा घाट, आष्टीच्या बाजूने,
१० जून १९५४

गोकुळा,

तुझं पत्र सहा तारखेला मिळालं. किती वेळा वाचलं ते सांगत नाही. मला माझीच इतकी लाज वाटली की जंगूलाही तोंड दाखववेना. आठ तारखेला संध्याकाळी बाबुलाल आला, हाडांचा सापळा होऊन. बल्लारपुरात तीन आठवडे तापाने पडला होता, पोतडी उशाशी घेऊन.

पाचरी काल बसवल्या. कोणती बाजू पुढे ते मामाजींनी छिन्नीने ठोकून ठेवलं आहे. यू-बोल्ट आवळले, कोन पाहिला: इकडे चार, तिकडे चार. कानशीचा एक हात मारावा लागला नाही. गाडी काढली आणि पंचवीस, तीस, पस्तीस मैलांवर नेली. आवाज नाही. जंगू मागे बसून ओरडला, "भाऊ, बंद पडली का जी?"

आज उजाडताच निघालो. घाटावर आलो तर पाणी या काठापासून त्या काठापर्यंत. वर कुठे तरी जोराचा पाऊस झाला. नाव काल सकाळी बांधून ठेवली. काल सकाळी, गोकुळा. मी दिवसभर बोनेटवर बसून पाण्याकडे बघतो आहे. पलीकडचा रस्ता दिसतो, त्यावर एक बैल उभा आहे, तोसुद्धा मला नशीबवान वाटतो.

घाटावरचा नावाडी इसरू ढिवर टपालाची थैली तेवढी लहान डोंग्यातून एकटा पलीकडे नेतो. माणूस घेत नाही. त्याच्या हाती हे देतो. उद्या ठेकेदाराला लाकूड पाहायला गाडी हवी, परत जावंच लागेल.

त्या कार्डावरच्या दोन शब्दांवर मी रुसून बसलो आणि आपले चार महिने घालवले. मामाजींना माझा नमस्कार सांग. मोहर्लीच्या माणसाचा नको, माझा सांग.

तुझा,
दसरू


वैनगंगेचा घाट, गोंडपिपरीच्या बाजूने,
१२ जून १९५४

चि. दसरूस मनसाराम मिस्त्रीचा आशीर्वाद.

तुझं उत्तर येईना म्हणून पोरीला घेऊन मीच निघालो. काल संध्याकाळी इथे पोचलो. इसरू म्हणाला, परवा पलीकडे एक गाडी दिवसभर उभी होती, आली तेव्हा आवाजसुद्धा नव्हता तिला. ते ऐकून बरं वाटलं.

एक गोष्ट सांगतो, राग मानू नकोस. कोन तुझ्याकडे होता, रुंदी तुझ्याकडे होती, आणि तू सागवानाच्या रानात बसला होतास. घाटाच्या चार फेऱ्या तगेल एवढी लाकडाची पाचर एका दुपारी तासून झाली असती. बाबुलालची वाट बघायची गरज नव्हती. गोकुळाने तुला तेवढं सांगायला हवं होतं. पण तिला मी सांगितलं नाही. का सांगितलं नाही? मला लोखंडाची माझ्या हातची द्यायची होती. आणि तुला कागद लिहायला मलाही कुणी अडवलं नव्हतं. सगळं ठाऊक असून तीन महिने पोरीच्या आडून बोलत राहिलो. तुझ्या हाताला माप आहे. हे मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणेन, ती चार जणं शोधून आणीन. आज दुकानाकडे परततो. खालचं गोकुळा लिहील.

मनसाराम


बाबांनी एवढं लांब पत्र आयुष्यात लिहिलं नाही. लिहून झाल्यावर दोनदा घाम पुसला.

तुमचं पत्र वरोऱ्याला जायच्या आधीच मला इथे मिळालं. इसरूभाऊ थैली उतरवून पत्ता अक्षर लावून वाचत होता, मी बाजूला उभी होते, म्हटलं हे माझंच आहे. पाकीट अजून ओलसर होतं. तुम्ही ज्या पाण्याकडे बघत होता तेच मी काल अंधार पडेपर्यंत बघत बसले. एका दिवसाने चुकलो. मी इतकी रडले की बाबा उठून दूर जाऊन बसले.

पण मी परत जात नाही. बाबांबरोबर वाद झाला, मी जिंकले. इसरूभाऊची बायको सुगंधाबाई म्हणते, मृगाचा हा पहिला लोंढा टिकत नाही. "चार दिस उघाड पडली का पानी खाली बसते बाई. मंग नाव सुटन एक-दोन फेऱ्या. त्याच्या मांगून मोठा पूर आला का मंग दिवाई." तोवर मी तिच्या घरी राहते. तिच्याबरोबर जाळी सोडवते, मासळी निवडते. हाताला वास येतो, तुम्हाला सहन करावा लागेल.

नाव सुटली तर पहिल्या फेरीत मी आहे. कोणत्या दिवशी ते मला सांगता येत नाही, कुणालाच येत नाही. ठेकेदाराला काय सांगायचं ते तुम्ही बघा, पण गाडी त्या काठावर आणून उभी करा आणि ठेवा.

इसरूभाऊ आता डोंगा लोटतोय, माझ्यासाठी थैलीचं तोंड बांधायचा थांबला आहे. या कागदाला उत्तर लिहू नका. तुमची पत्रं वाचून वाचून माझे डोळे दुखले. आता मला तुम्ही पाहिजे.

गोकुळा